अंबड प्लांटचं इंट्रानेट होमपेज नव्याने लावताना : कामाच्या नोंदी

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मोठा प्लांट नाशिकच्या अंबडला, धाकटा सिन्नरला, विक्रीचं ऑफिस पुण्यात. इंट्रानेट, म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट, मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर. मी एचआरमधली, सोबतीला आयटीतला एक सहकारी, तोही बाकीची कामं सांभाळून. वेगळं बजेट नाही. ज्यांच्या गळ्यात असंच काम पडणार आहे, त्यांच्यासाठी या नोंदी.

१२ फेब्रुवारी २०२४

आहे ते पान वरून खाली नीट वाचून काढलं. सगळ्यात वर फिरता स्लायडर: सेफ्टी वीकची शपथ, आयएसओचं प्रमाणपत्र, वृक्षारोपण आणि दिवाळीच्या शुभेच्छा, ज्या अजून उतरवलेल्या नाहीत. त्याखाली चेअरमन साहेबांचं मनोगत. शेजारी हवामानाचा चौकोन, तो मुंबईचं तापमान दाखवतो. पगार स्लिपची लिंक अगदी तळाशी, ‘इतर दुवे’मध्ये, व्हिजन-मिशनच्याही खाली.

लोकांनी यावर आपापली सोय केव्हाच करून घेतलीय. परचेसवाल्यांनी पगाराचं पोर्टल थेट बुकमार्क केलंय. क्वालिटीत एकाने डेस्कटॉपवर शॉर्टकटची रांग लावलीय. नवा माणूस आला की ती त्याला पेनड्राइव्हने मिळते. होमपेज उघडतं ते ब्राउझर चालू केला की आपोआप, आणि बघता बघता बंदही होतं. त्यामुळे व्हिजिट्सचा आकडा भरभक्कम दिसतो. या कामापुरता तो आकडा बाजूला ठेवला.

२१ फेब्रुवारी

डिझाइनला हात लावण्याआधी सर्चचे रिपोर्ट काढले. शेअरपॉइंट वेगवेगळे रिपोर्ट देतं: कुठले शब्द जास्त शोधले गेले, कशाला काहीच सापडलं नाही, कुठे निकाल दिसूनही कोणी क्लिक केलं नाही. त्यातला ‘काहीच सापडलं नाही’ हा सोन्यासारखा. पगार स्लिप, सी ऑफ (बदली सुट्टी), बस टायमिंग, मेडिक्लेम कार्ड, गेटपास, कँटीन. बहुतेक रोमन अक्षरांत, प्रत्येकाच्या मनाला येईल त्या स्पेलिंगने.

गंमत म्हणजे गेटपास सोडला तर या सगळ्याची उत्तरं इंट्रानेटवर होतीच. पगार स्लिप ‘रेम्युनरेशन स्टेटमेंट’ या नावाने, सी ऑफ ‘कॉम्पेन्सेटरी लीव्ह गाइडलाइन’च्या पोटात, आणि मेडिक्लेमचं कार्ड ‘वेलनेस बेनिफिट्स’मध्ये. शॉपवर, म्हणजे मशीनवर काम चालतं तिथे, कोणी तोंडाने हे शब्द काढत नाही.

उपाय सोपा निघाला. मायक्रोसॉफ्ट सर्चमध्ये ‘बुकमार्क’ लावता येतात: अमुक शब्द टाइप केला की अमुक लिंक सगळ्यात वर. एका लिंकला बरेच पर्यायी शब्द जोडता येतात, म्हणून पगार स्लिपला देवनागरी, रोमन, जोडून, तोडून, चुकीचं, सगळं जोडलं. ‘सुट्टी’बरोबर ‘सुटी’ आणि ‘रजा’ही घातलं. खर्च शून्य. वेळ गेला तो परवानगीत: बुकमार्क लावायला सर्च अ‍ॅडमिन किंवा सर्च एडिटरचे अधिकार लागतात, ते पुण्याकडे होते, आणि तिकडून होकार यायला आठवड्याच्या वर लागला. तुम्ही हे काम करणार असाल तर हा अर्ज पहिल्या दिवशी टाका.

५ मार्च

मेलवरून सर्व्हे पाठवला होता. ‘होमपेजवर काय हवं?’ उत्तरं: ‘छान आहे’, ‘अजून आकर्षक करावे’, ‘वाढदिवस दाखवावेत’. एकानेही पगार स्लिपचं नाव काढलं नाही, आणि सर्चमध्ये तीच पहिल्या नंबरवर. काय हवं असं विचारलं की माणूस काहीतरी छानसं सुचवतो. शेवटचं काय शोधायला गेला होतात आणि मिळालं का, असं विचारलं तर कामाचं बोलतो. पुढचे सगळे प्रश्न असेच विचारले, तेही साडेतीनला शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहून.

गेटवरच खरा ऐवज सापडला. सिक्युरिटी केबिनच्या खिडकीला आतून खोक्याचा एक पुठ्ठा सुतळीने टांगलाय. त्यावर एक्स्टेन्शन नंबर, पण नावांपुढे नाही, कामापुढे: ‘टँकर आला’, ‘कुरिअर सहीचं’, ‘बाई आजारी – घरी सोडणे’, ‘साप’. माणूस बदलला की जुना नंबर निळ्या पेनाने खोडून शेजारी नवा. एक कोपरा चहाने भिजून उकललाय, तिथे सेलोटेप. ‘साप’पुढे दोन नंबर आहेत, दुसरा रात्रपाळीचा.

वॉचमन काका म्हणाले, “मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमधी नाव टाकावं लागतं. मला नाव म्हाईत असतं तर मी फोन कशाला शोधला असता?”

आमची डिरेक्टरी नाव, पद, विभाग या क्रमाने होती. नव्या पानावर ती पुठ्ठ्याच्या धर्तीवर लावायची असं ठरलं: आधी अडचण, मग नंबर, मग माणूस. केबिनच्या परवानगीने पुठ्ठ्याचा फोटो काढला आणि त्यातल्या ओळी शब्दाला शब्द उतरवल्या. गेटपास कुणाकडे मागायचा तेही त्यातच होतं.

१९ मार्च

स्लायडरची मीटिंग. ‘स्लायडर काढू’ म्हटल्याबरोबर तीन विभागांचे चेहरे पडले, कारण प्रत्येकाची एक स्लाइड त्यात आहे. पान सुंदर करून देतो म्हणणाऱ्या एका एजन्सीचं कोटेशनही टेबलावर होतं. थीम, अ‍ॅनिमेशन, चेअरमन साहेबांचा व्हिडिओ. लिंका कुठे असतील याबद्दल त्यात ओळही नव्हती. ते बाजूला सारलं.

तोडगा असा निघाला की स्लायडर रिसेप्शनमधल्या टीव्हीवर जाईल. तिथे ग्राहकांची माणसं बसलेली असतात आणि आयएसओचं प्रमाणपत्र त्यांनाच बघायचं असतं. तीनही विभाग खूश. होमपेजवर बातम्यांना एक पट्टा, तोही कामाच्या लिंकांच्या खाली, आणि त्यात एका वेळी तीनच बातम्या. साहेबांचं मनोगत काढलं नाही. त्यात बोनस, शिफ्ट, नवी लाइन असं लोकांच्या रोजच्या कामात फरक पडणारं काही असेल तेव्हा ते बातम्यांत पहिलं लागेल. साहेबांनी हे आमच्या अपेक्षेपेक्षा पटकन मान्य केलं. त्यांच्या वतीने भांडणारेच जास्त होते.

पहिल्या स्क्रीनवर आता हे ठरलंय: पगार स्लिप, रजा अर्ज, आजचा कँटीन मेनू, बसच्या वेळा, ‘कोणाला फोन करू’, मेडिक्लेम कार्ड, आयटीची तक्रार आणि वर मोठा सर्च. मेनूवर एका सीनिअरने नाक मुरडलं. पण बुधवारी मिसळ आहे की नाही हे बघायला जो रोज येतो, त्यालाच शेजारची शिफ्टबदलाची सूचना दिसते. मेनू राहिला.

२६ मार्च

नव्या पानाची चाचणी चालू असतानाच सणाची भानगड आली. काल धुळवड. पुण्याच्या ऑफिसला सुट्टी, आम्हाला नाही, कारण नाशिककर रंग खेळतो तो रंगपंचमीला. रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी. यंदा रंगपंचमी ३० मार्चला, शनिवारी, आणि आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारीच. म्हणजे सुट्टीत सुट्टी बुडाली. बदली मिळणार का, या एका प्रश्नाने हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसचा फोन दिवसभर वाजत होता.

यासाठीच आम्ही ‘ऑडियन्स टार्गेटिंग’ लावलं होतं: नाशिकच्या माणसाला नाशिकची सुट्ट्यांची यादी, पुण्याच्याला पुण्याची. दोन ठिकाणी फसलं.

एक, कोण कुठल्या प्लांटचा ही माहिती ज्या युजर-प्रोफाइलमधून येते ती जुनी. सिन्नरहून अंबडला बदलून आलेले लोक सिस्टिममध्ये अजून सिन्नरलाच. यादी हातानं तपासून दुरुस्त करण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्या कामाचं पानावर काहीच दिसत नाही. टार्गेटिंग लावण्याआधी हे करा. नंतर केलं की लोकांचा पानावरचा विश्वास आधी जातो.

दोन, टार्गेटिंग म्हणजे कुलूप नव्हे. पानावर ज्याला यादी दिसत नाही, त्याला ती सर्चमध्ये सापडतेच. अंबडच्या एका मुलाने ‘हॉलिडे लिस्ट’ शोधलं, पुण्याची यादी उघडली आणि सोमवारी धुळवडीची सुट्टी समजून घरी बसला. त्याची रजा शेवटी समजुतीने मिटवली. आता प्रत्येक यादीच्या फाइलच्या नावात आणि पहिल्या ओळीत ती कुणाची ते ठळकपणे आहे, जसं ‘फक्त अंबड व सिन्नर प्लांट’.

बदली सुट्टी मिळाली नाही. ते उत्तर मात्र पानावर एका ओळीत लावलं आणि फोन थांबले. नकारसुद्धा लवकर आणि स्पष्ट मिळाला तर लोकांना चालतो.

८ एप्रिल

सर्क्युलरांचं काम. हे मराठी कारखान्यांत हमखास भेटणारं दुखणं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

युनियनबरोबरचे करार, रजेचे नियम, कँटीन कमिटीचे ठराव, सगळं मराठीत, आणि जुनं सगळं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. पडद्यावर मराठी दिसतं. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी साठवलेली असते. सर्चला ‘रजा’ हा शब्द तिथे दिसतच नाही. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, त्यावर माणसालाही दिसत नाही. बाकीची सर्क्युलर सही-शिक्का मारून स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रं.

कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येणारी अक्षरं, करून पाहिलं. बराच मजकूर सरळ आला, पण रफार एक अक्षर पुढेमागे सरकले, ‘ऱ्या’चे तुकडे पडले आणि एका जागी ‘कामगारांच्या’चा ‘कामगरांाच्या’ झाला. आकडे तर वेगळीच डोकेदुखी: रजेच्या तक्त्यात कन्व्हर्टरने काही आकडे गाळले. तेव्हा, २०२४ला, लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८प्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा मिळायची. त्या वाक्यातला २० गायब झाला तर पुढे काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे जिथे आकडा आहे तिथलं प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून पाहायचं, हा नियम केला.

सगळं बदलायचा हट्ट सोडला. सर्चच्या रिपोर्टमध्ये ज्या विषयांना मागणी होती तेवढीच सर्क्युलर युनिकोडमध्ये आणली. बाकीच्यांना हातानं नावं आणि चार-चार शोधशब्द दिले: ‘रजा रोखीकरण करार’ असं नाव असलेली स्कॅन फाइल सापडते, ‘स्कॅन ००४७’ सापडत नाही. टायपिंगला बाहेरून माणूस घेतला, त्याचे पानामागे पैसे गेले. या अख्ख्या कामात खिशाला जाणवलेला खर्च एवढाच.

उद्या गुढीपाडवा. पान परवापासून स्टाफसाठी चालू.

२४ एप्रिल

स्टाफचं ठीक चाललंय. शॉपवरच्या लोकांचं नाही. त्यांच्यासाठी कँटीनच्या दारात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी टचस्क्रीन लावली होती. कागदावर जागा उत्तम, सगळे तिथूनच जातात. प्रत्यक्षात ओल्या, तेलकट बोटांना स्क्रीन दाद देत नाही, मागे रांग खोळंबते आणि स्टँडच्या माथ्यावर लोक हेल्मेट ठेवतात. त्यात लॉगिन. एम्प्लॉयी नंबर पाठ असतो. पासवर्ड, जो आजवर कधी लागलाच नाही, तो कोणाला आठवणार?

दोन बदल केले. स्क्रीन टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी हलवली, जिथे पंचिंग दुरुस्तीसाठी माणूस तसाही थांबतो आणि अडलं तर आतून कोणी सांगतंही. आणि माहितीचे दोन भाग पाडले. मेनू, बस, सुट्ट्या, शिफ्ट, ‘कोणाला फोन करू’ हे लॉगिनशिवाय. पगार, रजा, पीएफ लॉगिनसह. लॉगिनशिवायचं पान आतल्या सर्व्हरवर एक साधी फाइल आहे. माझ्या सहकाऱ्याने अशी सोय केली की शेअरपॉइंटच्या यादीतून ती रोज पहाटे आपोआप तयार होते. दोन जागी हातानं भरायचं ठेवलं असतं तर महिनाभरात दोन वेगळे मेनू दिसले असते.

१५ मे

मतदानाचा आठवडा. नवं पान खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते आत्ता.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १३५बप्रमाणे मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी असते. नाशिक, दिंडोरी आणि धुळे या मतदारसंघांचं मतदान २० मेला. पण शिर्डी, अहमदनगर, जळगाव, रावेर आणि पुण्याचं १३ मेला. सिन्नर प्लांटला संगमनेर, अकोले तालुक्यांतली बरीच माणसं आहेत. त्यांचं मत शिर्डीत. मालेगावची माणसं नाशिक जिल्ह्यात राहतात, मत धुळ्यात. नियम एक, पण कोणाची सुट्टी कधी हे घराच्या तालुक्यावर.

मागच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक सर्क्युलर फिरू लागलं: ‘येत्या सोमवारी मतदानानिमित्त सुट्टी राहील.’ आमचंच लेटरहेड, आमचाच शिक्का. निघालं २०१९चं. तेव्हाही नाशिकचं मतदान सोमवारीच होतं, २९ एप्रिलला, आणि फोटोत वरची तारीख कापली गेलेली. यंदा १३ आणि २० दोन्ही सोमवार. सेकंड शिफ्टचे अर्धे लोक तेराला येणार नाहीत अशी चिन्हं दिसू लागली.

पीडीएफ सर्क्युलर काढण्याऐवजी होमपेजवर सगळ्यात वर एक तक्ता लावला. शीर्षक: ‘तुमचं नाव कुठल्या तालुक्याच्या मतदार यादीत आहे?’ खाली तालुका, मतदारसंघ, सुट्टीची तारीख. सिन्नर, इगतपुरी: नाशिक, २० मे. निफाड, येवला, चांदवड: दिंडोरी, २० मे. बागलाण, मालेगाव: धुळे, २० मे. संगमनेर, अकोले, कोपरगाव: शिर्डी, १३ मे. कायद्याचं कलम अगदी तळाशी. टाइम ऑफिसच्या स्क्रीनवरही तेच.

व्हॉट्सअ‍ॅपशी भांडण्यात अर्थ नव्हता. सुपरवायझरांच्या ग्रुपवर तक्त्याचा फोटो टाकला, मात्र तारीख आणि ‘ताजी माहिती होमपेजवर’ ही ओळ तक्त्याच्या मधोमध, कापता येणार नाही अशी. सोमवारी सिन्नरला लाइन ठरल्याप्रमाणे चालली. २० तारखेची तयारी झालीय.

२८ मे

मतदानाचा तक्ता मतदानानंतरही पानावर तसाच होता. कुणाच्या नावावर नव्हता म्हणून. दिवाळीच्या शुभेच्छांचंही हेच झालं असणार.

आता पानावरच्या प्रत्येक चौकोनाला एक मालक, एक बदली मालक आणि एक शेवटची तारीख आहे. मेनू कँटीन कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर भरतो, बस ट्रान्सपोर्टचा क्लार्क. तारीख उलटली की मालकाला आठवणीची मेल जाते. त्यानंतरही बदल झाला नाही तर चौकोन आपोआप लपतो. यावर बरीच कुरकुर झाली. ‘जुनं का असेना, दिसू द्या की.’ मी हटून बसले. बसची चुकीची वेळ दिसली तर माणूस पाथर्डी फाट्यावर उन्हात उभा राहतो. वेळच दिसली नाही तर तो फोन करून विचारतो.

१४ जून

फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, देण्याची मुदत १५ जून, म्हणून आज टाइम ऑफिसच्या स्क्रीनवर गर्दी. आणि दुपारी एक गोष्ट लक्षात आली जी आधीच दिसायला हवी होती: लोक फॉर्म डाउनलोड करतात, प्रिंट घेतात, निघून जातात, आणि फाइल त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते. फाइलला पासवर्ड आहे, पण फाइलच्या नावातच पॅन. स्क्रीन लगेच बंद केली, फोल्डर साफ केला.

एज ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या स्क्रीनसाठी असतो तसा, लावला. त्यात ‘पब्लिक ब्राउझिंग’चा पर्याय आहे: काही वेळ कोणी हात लावला नाही की सत्र संपतं, लॉगिन पुसलं जातं. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र आपोआप जात नाहीत, त्यासाठी वेगळी पॉलिसी चालू करावी लागते. शेअर्ड कॉम्प्युटरवरून लोक पगाराचे कागद काढणार असतील तर हे पहिल्याच दिवशी करा. संध्याकाळी स्क्रीन पुन्हा चालू झाली.

९ जुलै

‘काहीच सापडलं नाही’चा रिपोर्ट परत काढला. पगार स्लिप, सी ऑफ, मेडिक्लेम यादीतून गेले. नवीन आलेत: ‘रेनकोट’, ‘शूज साइज’ आणि एका मशीनचा नंबर. रेनकोट-शूज स्टोअरच्या वाटपाचं आहे. स्टोअरला मालक व्हायला सांगितलंय, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. मशीनचा नंबर म्हणजे मेंटेनन्सवाले मॅन्युअल शोधतायत, आणि ती मॅन्युअल्स एका शेअर्ड ड्राइव्हवर पडून आहेत. हे मोठं काम आहे, होमपेजचं नाही, पण लोक शोधायला इथेच येणार.

सिन्नरने स्वतःचं वेगळं होमपेज मागितलंय. नाही म्हटलं. त्याऐवजी बस आणि मेनूचे चौकोन सिन्नरच्या लोकांना सिन्नरचे दिसतील. मेनूचा दिसू लागला. बसचा चौकोन गेल्या आठवड्यापासून लपलेला आहे, कारण तिकडचा क्लार्क रजेवर आणि त्याच्या जागी बदली मालकाचं नावच भरलेलं नव्हतं. ते आज भरून घेतलं; वेळा उद्या येतील.